कर्ज फिटलेला ट्रॅक्टर



खंडेनवमीला आपण सर्वजण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो, नारळ वाढवतो. आमच्या घरीही हे होते आणि ते व्हावेच. पण हंगाम सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झाले की शेतकी खात्याकडे एक तक्रार हटकून येते : ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला, खेप पोचली नाही, ऊस फडात तुटून पडला आहे, काहीतरी करा. अशाच एका तक्रारीवरून आम्ही मागे गेलो, तर इंजिन तापून उभ्या राहिलेल्या त्या ट्रॅक्टरच्या जाळीवर खंडेनवमीची माळ तशीच वाळून चिकटलेली, आणि आत रेडिएटरच्या पत्र्यांत पाचटाचा भुगा व झेंडूच्या पाकळ्या गच्च बसलेल्या. पूजा झाली होती, बॉनेट मात्र कोणी उघडले नव्हते.

आजचा हा लेख नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी नाही. त्यांची सर्व्हिसिंग कंपनी करते, वॉरंटी असते, आणि पठ्ठ्या ट्रॅक्टर पुसायलाही कापड वेगळे ठेवतो. हा लेख आहे तो ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांचा, सहा-आठ हजार तास चाललेला, शेवटचा हप्ता भरून ज्याचा बोजा सात-बारावरून उतरला आहे असा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांच्यासाठी. आमच्या मते शेतकऱ्याच्या दारातील खरी कमाईची वस्तू ही, कारण तिला आता व्याज नाही. परंतु हाच ट्रॅक्टर आपण सर्वांत जास्त दुर्लक्षितो. ‘आता काय, म्हातारा झालाय’ म्हणायचे आणि तेलसुद्धा वेळेवर बदलायचे नाही. मग तो खरोखरच म्हातारा होतो.

या जुन्या ट्रॅक्टरची एक मोठी सोय आहे. त्याचा डिझेल पंप साधा, यांत्रिक. त्यात कॉम्प्युटर नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यामुळे त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. त्यांचे काम घरी पाना घेऊन होण्यासारखे राहिलेले नाही. जुन्याचे होते. तेल, हवा, डिझेल, पाणी आणि ग्रीस या पाच गोष्टी घरच्या माणसाच्या हातच्या आहेत. सहाव्या गोष्टीला हात घालू नये, ते पुढे सांगू.

प्रथम तासांचे. मोटारीचे वय किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टरचे तासांवर. पण जुन्या ट्रॅक्टरचा तासाचा मीटर बहुधा बंद असतो. केबल तुटते आणि काटा कायमचा एका आकड्यावर थांबतो. दुसरे असे की, हे यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. ठरावीक वेगाला घड्याळाचा एक तास म्हणजे मीटरचा एक तास. इंजिन हळू चालवले तर मीटरही हळू पुढे जातो. म्हणून मीटर नसला तरी रडत बसू नये. डिझेलवर हिशेब ठेवावा. आपल्या ट्रॅक्टरला सरासरी तासाला ४ लिटर डिझेल लागत असेल, तर २५० तास म्हणजे १,००० लिटर. इंजिन ऑइल २५० तासांनी बदला असे पुस्तकात दिले असेल, तर हजार लिटर डिझेल जळाले की ऑइल बदलायचे, एवढे सोपे आहे. पंपावरच्या पावत्या एका वहीत मांडत जाव्यात. ही वही गड्याकडे देऊ नये. घरातली शाळकरी मुलगी किंवा सूनबाई यांच्याकडे द्यावी. आमचा अनुभव असा की त्या एकही पावती सोडत नाहीत, शिवाय डिझेल कुठे जास्त लागले हेही विचारतात!

आता हवा. यावर थोडे जास्त लिहितो, कारण इथे आम्ही स्वतः हात पोळून घेतले आहेत.

डिझेलच्या प्रत्येक थेंबाबरोबर इंजिन भरपूर हवा ओढते, आणि आपल्याकडच्या हवेत काय असते ते आपण जाणतोच. रोटाव्हेटरची धूळ, गाडीवाटेवरची फुफाट्याची माती, उसाला तुरा आला की त्याचा कापूस, पाचटाची कुसे. माती म्हणजे बारीक वाळूच. ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर कानस लावल्यासारखे झिजतात. ही माती अडवणारे यंत्र एकच, एअर क्लीनर. जुन्या ट्रॅक्टरला तो तेलाच्या वाटीचा असतो. हवा तेलावर आपटते, माती तेलात बसते, उरलेली वरच्या जाळीत अडकते.

२०१२-१३ च्या दुष्काळी हंगामातली गोष्ट. आमच्या घरच्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरला. आम्ही शेतकी पदविकाधारक, सभासदांना चार गोष्टी सांगणारे. पण वाहतुकीच्या गडबडीत आम्हीच त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली आणि ‘हंगाम झाल्यावर बघू’ म्हटले. वडिलांनी दोनदा टोकले, आम्ही ऐकले नाही. वाटीतले तेल मात्र आम्ही इमानाने बदलत होतो. पण हवा वाटीतून येतच नव्हती, ती चिरेतून येत होती, मातीसकट. फेब्रुवारीत ब्रीदरमधून धूर यायला लागला. मार्चमध्ये सायलेन्सरमधून निळा धूर आणि रोज ऑइलची भर. एप्रिलला इंजिन उघडले, तर चारही लायनर आणि पिस्टन गेलेले. त्या वर्षीच्या उसाचा दुसरा हप्ता पूर्ण त्या इंजिनात गेला. पाइपाची किंमत किती, हे सांगायलाही आम्हाला लाज वाटते.

म्हणून सांगतो. वाहतुकीच्या आणि रोटाव्हेटरच्या दिवसांत वाटी रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी काढून पाहावी. बोट बुडवून तळाशी चिखल लागला की तेल ओतून टाकावे, वाटी डिझेलने धुवावी, पुसावी आणि खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. खुणेच्या वर भरू नये. ‘जास्त असले तर काय बिघडते’ असे काहीजण म्हणतात. जास्त तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते आणि इंजिन ते तेलच जाळून सुसाट पळू लागते. मग स्टॉपचा गज ओढला तरी ते थांबत नाही. वरची जाळीसुद्धा अधूनमधून डिझेलमध्ये खळबळून धुवावी व निथळू द्यावी.

पाइप चिरला आहे की नाही हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला ती चालते. इंजिन अगदी हळू चालू ठेवावे, हवा आत जाते त्या नळीवरची टोपी काढावी, आणि नळीच्या तोंडावर सपाट फळीचा तुकडा घट्ट दाबून धरावा. हात किंवा कापड लावू नये. इंजिन गुदमरून काही क्षणांत बंद पडले तर सर्व ठीक. चालूच राहिले, तर समजावे की ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेत आहे. मग पाइप, क्लिपा, जोड सगळे तपासावेत. सायकलची ट्यूब हा इलाज नव्हे, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

कागदी फिल्टर असलेल्या ट्रॅक्टरांत तो फिल्टर चाकावर आपटून झटकण्याची पद्धत आहे, ती सोडावी. कागद चिरतो, आणि चिर दिसत नाही. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झटकावा. आतल्या बाजूला दुसरा लहान फिल्टर असतो, तो साफ करण्यासाठी नाही, बदलण्यासाठी आहे.

डिझेलचे सांगायचे तर ट्रॅक्टर बंद पडण्याच्या निम्म्या कहाण्या टाकीपासूनच सुरू होतात. ड्रममधले डिझेल आणल्या आणल्या ओतू नये. एक दिवस स्थिर राहू द्यावे, वरून काढावे, तळाचे चार-पाच लिटर तसेच ठेवावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत वा डब्यात डिझेल साठवू नये. आणि टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रात्री रिकाम्या टाकीतली हवा गार झाली की आत दव धरते, ते पाणी तळाशी जाते आणि पंपाला गंज देते. हिवाळ्यात, म्हणजे नेमके आपल्या हंगामात, हे जास्त होते. फिल्टरखालची वाटी किंवा बोल्ट सोडून आठवड्याला थोडे डिझेल काढून पाहावे. पाणी असेल तर खाली वेगळे दिसते.

एका सभासदांचा ट्रॅक्टर जानेवारीत रोज बंद पडायचा. अड्ड्यावरून निघाला की अर्धा-पाऊण तास नीट, मग ताकद कमी, मग बंद. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू. फिल्टर बदलले, हवा काढली, तरी तेच. मिस्त्री म्हणाला पंप गेला. पंप उतरवून शहरात नेला, चार दिवस टोळी बसून राहिली. पंप परत आला, बसवला, आणि ट्रॅक्टर पुन्हा अर्ध्या तासाने बंद! शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की टाकीच्या झाकणाचे बारीक भोक चिखलाने बुजले आहे. डिझेल कमी होईल तशी टाकीत हवा यायला वाट हवी. ती नसली की आतून ओढ बसते आणि डिझेल पुढे जात नाही. थांबल्यावर हळूहळू हवा शिरते, म्हणून परत चालू होतो. सुईने ते भोक मोकळे केले, आणि तो ट्रॅक्टर हंगाम संपेपर्यंत पुन्हा थांबला नाही. असा प्रकार झाला तर सर्वांत आधी झाकण सैल करून पाहावे. पाना लागत नाही, पैसा लागत नाही.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर हवा काढणे प्रत्येक घरात एकाला तरी आलेच पाहिजे. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सोडावा, फीड पंपाचा हातदांडा मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निर्मळ धार. धार आली की स्क्रू आवळावा. मग दुसरा फिल्टर असेल तर त्याचे तसेच, मग पंपावरचा स्क्रू. क्रम टाकीकडून इंजिनाकडे. तेवढ्यानेही सुरू झाला नाही तर नोझलकडच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टर मारावा, डिझेल दिसले की आवळावे. मात्र नोझल बाहेर काढून ‘फवारा कसा पडतो’ हे बघण्यासाठी समोर हात कधीही धरू नये. तो फवारा चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाचा असतो, कातडीतून सरळ आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जाण्याची वेळ येते. असे झालेच तर दुखत नाही म्हणून घरी न बसता तत्काळ मोठ्या दवाखान्यात जावे.

इंजिन ऑइल रोज सकाळी, सपाट जागेवर, सुरू करण्यापूर्वी पाहावे. दोन खुणांच्या मध्ये असावे. ते काळे असल्याची भीती बाळगू नये, डिझेल इंजिनाचे ऑइल काळे होतेच. भीती दुधाच्या चहासारख्या रंगाची बाळगावी, कारण मग त्यात पाणी आहे, आणि तो ट्रॅक्टर सुरूच करू नये. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर तेही वाईट, आत डिझेल किंवा पाणी उतरते आहे. बदलताना इंजिन गरम असताना काढावे, फिल्टर प्रत्येक वेळी नवा घालावा. ‘यंदा ऑइल बदललं, फिल्टर पुढच्या वेळी’ हा काटकसरीचा प्रकार नव्हे. काढलेले ऑइल पाटात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये, डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

धुराचे एवढे लक्षात ठेवावे. काळा धूर म्हणजे ओझे जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा सकाळी थंडीत थोडा वेळ निघाला तर हरकत नाही, गरम झाल्यावरही निघत राहिला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल. धुराचा रंग आणि तारीख वहीत लिहून ठेवली तर मिस्त्रीचाही निम्मा वेळ वाचतो.

पाण्याबद्दल आमची एक तक्रारच आहे. आपल्या भागातील पुष्कळ विहिरी-बोअरचे पाणी जड आहे, मचूळ आहे. तेच आपण रेडिएटरमध्ये ओततो. घरच्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो तसाच तो इंजिनाच्या पोटात बसतो, आणि तिथे घासायला हात जात नाही. कूलंट आणि मऊ पाणी पुस्तकातल्या प्रमाणात घालावे. रेडिएटरच्या पत्र्यांतला कचरा इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या हवेने किंवा पाण्याने काढावा, जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, साधारण बोटभर जाडीइतका दबावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे लहान पोरालाही ठाऊक आहे, तरी दर हंगामात कोणाचा तरी चेहरा भाजतोच.

ग्रीसविषयी फार सांगत नाही. निपल आधी पुसून मग गन लावावी, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. बॅटरीला शुद्ध केलेलेच पाणी, आणि खोलताना निगेटिव्ह वायर आधी.

ब्रेकविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण इथे प्रश्न ट्रॅक्टरचा नाही, माणसाचा आहे. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात वळण्यासाठी. रस्त्याला लागताना दोन्ही पेडल पट्टीने जोडलीच पाहिजेत. जुन्या ट्रॅक्टरांची ही पट्टी हरवलेली असते किंवा बांधून ठेवलेली असते. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात. परीक्षा अशी : ट्रॉली सोडून, मोकळ्या सपाट रानात, पेडल जोडून हळू चालवावा आणि जोरात दाबावे. उतरून मातीत उठलेल्या दोन्ही चाकांच्या घसरणीच्या खुणा पाहाव्यात. सारख्या लांबीच्या असाव्यात. नसतील तर तोवर ओढणीला लावू नये, आम्हालाही सांगू नये की ‘साहेब, एवढी खेप टाकून येतो’. ट्रॉलीच्या जोडाची पिन झिजली की बदलावी, तिला कुलूपपिन असावी, शेजारी साखळी असावी. आणि ट्रॉलीच्या मागची लाल परावर्तक पट्टी नुसती असून उपयोग नाही. उसाचे शेंडे तिच्यावर लोंबतात आणि रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला समोर काळोखच दिसतो. मोळ्या रचून झाल्यावर ड्रायव्हरने एकदा मागे चालत जाऊन पाहावे.

आता सहावी गोष्ट. डिझेल पंपाचे सील, नोझलचा दाब, हेडचे बोल्ट, क्लचसाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करणे, हायड्रोलिक लिफ्टचे झाकण, ब्रेकच्या आतले काम, यांना घरी हात लावू नये. क्लचच्या पेडलचा मोकळेपणा जुळवणे घरी जमते, त्यावर पाय ठेवून न चालवणे त्याहून सोपे. लिफ्ट हळू झाली तर आधी तेलाची पातळी आणि गाळणी बघावी, मग मिस्त्री. आणि उचललेल्या रोटाव्हेटरखाली, नुसत्या लिफ्टच्या भरवशावर, कोणीही शिरू नये. औजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, चावी खिशात ठेवावी. पीटीओच्या शाफ्टवरचे आवरण नको म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. धोतराचा सोगा, टॉवेल, साडीचा पदर यांपैकी काहीही तिथे ओढले जाऊ शकते.

सुट्या भागांची अडचण जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना येते हे खरे. एच. एम. टी. चे उदाहरण घ्या. १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने तो सुरू झाला आणि २०१६ साली केंद्र सरकारने ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचे ठरवले. अशा ट्रॅक्टरवाल्यांनी हंगामात धावाधाव करण्यापेक्षा फिल्टर, पट्टा, रबरी पाइप, गॅस्केट यांचे नंबर पावसाळ्यातच वहीत लिहून मागवून ठेवावेत. इतरांनीही करावे.

वाहतूक करारासाठी गट कार्यालयात येताना ट्रॅक्टरच्या कागदपत्रांबरोबर ही वहीही आणावी. नसेल तर येण्यापूर्वी सुरू करावी. पहिल्या पानावर मागचे ऑइल कधी बदलले ते आठवेल तसे लिहिले तरी चालेल. आणि ड्रायव्हरच्या पेटीत एक डिझेल फिल्टर, एक फॅन बेल्ट, एअर क्लीनरच्या पाइपाच्या दोन क्लिपा, दोन-तीन मापांचे पाने, एक टॉर्च आणि एक सुई असावी. सुई कशाला, हे ड्रायव्हरला टाकीच्या झाकणापाशी नेऊन दाखवावे.